'सर्वाधिक लेख करणाऱ्याला पहिलं बक्षीस' हा नियम ठेवावा का? (मराठी विकिपीडिया लेखनस्पर्धा)

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते. पुढच्या आठवड्यात मला आमच्या समितीपुढे नवे नियम मांडायचे आहेत, त्याआधी या कामात मुरलेल्यांचं मत हवं आहे.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला धरून आम्ही विकिपीडिया लेखनाची कार्यशाळा घेतो आणि तिला जोडून महिनाभराची स्पर्धा. नियम एकच होता: महिन्यात जो सर्वांत जास्त नवे लेख करेल त्याला पहिलं बक्षीस, एक हार्ड डिस्क. मोजायला सोपं आणि निकालावर वाद नको, म्हणून तो मीच सुचवला होता.

यंदा पहिल्या आलेल्या मुलाचे ६१ लेख झाले. दुसऱ्याचे १७. एका मुलीनं महिनाभरात एकच लेख केला आणि ती यादीत पार तळाला गेली.

ते ६१ लेख मी एका रात्रीत वाचायला बसले. सगळे गावांचे. वर एक ओळ, 'अमुक हे महाराष्ट्र राज्यातील परभणी जिल्ह्यातील तमुक तालुक्यातील एक गाव आहे'. खाली मथळे: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळ्यांखाली काहीच नाही. वीसेक पानं नीट वाचली, नंतर नुसतं बोटानं वर सरकवत गेले.

त्या मुलीचा लेख तिच्या गावच्या बारवेवर होता. पहिल्या मसुद्यात तिनं आजोबांकडून ऐकलेलं सगळं लिहिलं. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी वर 'संदर्भ हवा'चा साचा (सूचनेची तयार पट्टी) लावला आणि ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. मग तिनं जिल्ह्याचं गॅझेटिअर शोधलं, जिल्हा ग्रंथालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्या, चारही बाजूंनी फोटो काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवले. पायऱ्या तिनं स्वतः उतरून मोजल्या होत्या, पण छापील आधार नव्हता म्हणून तो आकडा लेखातून काढावा लागला. तीन आठवडे गेले त्यात. लेख आता उभा आहे, साचाही निघाला.

बक्षीस नियमाप्रमाणे ६१ लेखांना गेलं. तिला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. व्यासपीठावर ते तिच्या हातात देताना मला तिच्याकडे बघवेना.

मुलाची चूक नाही, नियम मी केला होता. पण पुढच्या वर्षी काय करू? संख्येवर बक्षीस नकोच म्हणावं, तर लिहायला बसतील का मुलं? की संख्याही हवी आणि आणखी काहीतरी हवं?

---

जुनी_पाटी | शुक्रवार, रात्री १०:०५

ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून आमचे सुरुवातीचे दिवस आठवले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. मी त्यानंतर काही वर्षांनी आलो, आणि तेव्हा आम्हालाही आकड्याची जबर भूक होती. सगळ्या भाषांची एक यादी असते, लेखसंख्येनं लावलेली. हिंदी कुठे, तेलुगू कुठे आणि आपण कुठे, हे सकाळी चहाबरोबर बघायची सवय लागली होती. एखादी भाषा आपल्या पुढे गेली की त्या रात्री वर्षांची पानं, देशांची पानं, फुटबॉलपटूंची पानं धडाधड तयार व्हायची. त्यातली बरीच आजही एका ओळीची आहेत. ती भरायला कुणी फिरकलं नाही, कारण भरलेल्या पानानं यादीतला आकडा हलत नाही.

लेखांचं सोडा, संपादनं मोजण्यातही तोच घोळ. 'पाणि'चं 'पाणी' केलं, एक संपादन. आठवडाभर धूळपाटीवर (कच्चं लिहायच्या पानावर) लिहून, तपासून, संदर्भ लावून पूर्ण लेख आणून ठेवला, तेही एकच. जो दर ओळीला 'जतन करा' दाबतो त्याची चाळीस संपादनं होतात. मी कित्येक नवीन सदस्यांना असं करताना पाहिलंय, आणि आपण काही वावगं करतोय असं त्यांच्या मनातही नसतं. समोर आकडा दिसतो आणि हात आपोआप तिकडे जातो. इंग्रजी विकिपीडियावाल्यांनी या दुखण्याला 'एडिटकाउंटायटिस' असं नावच ठेवलंय.

सांगकाम्यांची (आपोआप संपादन करणाऱ्या प्रोग्रामांची) खाती वेगळी नोंदवतात ती उगीच नाही. सांगकाम्या तासाभरात हजार पानांवर वर्ग लावतो. त्याला कुणी बक्षीस देत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की तिथे मजकूर लिहिणारं कुणी नाही. माणसानं तेच काम हातानं केलं की मात्र आपण शाल-श्रीफळ घेऊन उभे राहतो.

---

वाळवण | शुक्रवार, रात्री १०:४०

मी थोडी वेगळी बाजू मांडते.

माझी आजी रामनामाच्या वह्या लिहायची. बारीक चौकटी छापलेली वही, प्रत्येक चौकटीत 'श्रीराम जय राम जय जय राम'. दुपारी भांडी झाली की खिडकीशी बसून दोन पानं. समर्थांनी टाकळीला तेरा कोटी जप केला असं आमच्याकडे सांगतात, आणि आजीचाही स्वतःचा असा एक संकल्प होता. वही भरली की मागच्या पानावर आकडा लिहायचा, तारीख घालायची. डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात वही मिळाली नाही तर तिला चैन पडेना. मोजणं नसतं तर ती रोज तिथे बसली असती का? मला नाही वाटत.

मी स्वतः विकिपीडियावर आले ती '१०० विकीदिवस' या उपक्रमातून. रोज एक नवा लेख, सलग शंभर दिवस, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या खेपेला चौदाव्या दिवशी चुकले आणि नव्यानं सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला मुलाला ताप असताना रात्री पावणेबाराला एका झाडावर सहा ओळी लिहून जतन केल्या. शंभराव्या दिवशी मला टंकन येत होतं, साचे येत होते, संदर्भ कसा द्यायचा ते येत होतं. आकडा नसता तर मी पंधराव्या दिवशी सोडून दिलं असतं. म्हणून म्हणते, संख्येला सरसकट वाईट ठरवू नका.

---

पिंपळपार | शुक्रवार, रात्री ११:१८

वाळवणताई, तुमचं मनापासून पटलं, आणि त्यातच मला उत्तर दिसतं. आजींना त्या आकड्याबद्दल कुणी हार्ड डिस्क दिली नव्हती. शेजारच्या काकूंच्या वहीशी तुलना नव्हती. '१०० विकीदिवसां'तही बक्षीस नाही, एकशे एकावा लेख केला म्हणून कुणी दुसऱ्याच्या पुढे जात नाही. तो आकडा तुमचा तुमच्यापाशी होता.

आता कल्पना करा, गल्लीत जाहीर केलं असतं की ज्या घरातून सर्वांत जास्त वह्या येतील त्या घराला मिक्सर. वह्या आल्याच असत्या. अक्षर कसं असतं, आणि नातवंडांना किती वह्या भरायला बसवलं असतं?

गोदाकाठताई, मला वाटतं मुलांना स्वतःची संख्या मोजू द्या, तिचं कौतुकही करा. फक्त एकाची संख्या दुसऱ्याच्या संख्येशी लावून बक्षीस देऊ नका.

---

पुणेरी_प्रोग्रामर | शनिवार, सकाळी ७:५०

आमच्या क्षेत्रातलं एक ताजं उदाहरण. हॅक्टोबरफेस्ट नावाचा ऑक्टोबरभर चालणारा उपक्रम आहे, २०१४ पासून. मुक्त-स्रोत प्रकल्पांना हातभार लावा आणि टी-शर्ट मिळवा. २०२० साली चार पुल रिक्वेस्टना टी-शर्ट होता. पुल रिक्वेस्ट म्हणजे दुसऱ्याच्या कोडमध्ये सुचवलेली दुरुस्ती. त्या वर्षी पहिल्या दोन-तीन दिवसांतच प्रकल्प चालवणारे लोक हैराण झाले. शेकडो जणांनी माहितीपत्रकाच्या फायलीत 'अमेझिंग प्रोजेक्ट' असे दोन शब्द घालून दुरुस्ती म्हणून पाठवले. त्यात आपल्या देशातली मुलं खूप होती आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले: ज्या प्रकल्पानं 'आम्ही सहभागी आहोत' असं स्वतःहून सांगितलंय तिथलीच दुरुस्ती मोजायची. पुढे २०२३ मध्ये टी-शर्टच बंद झाला.

मी तेव्हा एक छोटा मराठी शुद्धलेखन-तपासणीचा प्रकल्प सांभाळत होतो. ऑक्टोबरच्या पहिल्याच रात्री नऊ दुरुस्त्या आल्या. वर्षभरात एवढ्या आल्या नव्हत्या! ऑफिसातून येऊन आनंदानं उघडल्या. सातांत पूर्णविराम हलवलेला होता, एकात स्वतःचं नाव घातलेलं होतं. नववी मात्र खरी होती, एका मुलीनं 'र्‍य' आणि 'र्य' यांच्यातली गफलत पकडली होती. पहिल्या आठांच्या वैतागात ती मी चार दिवस उघडलीच नाही. संख्येच्या बक्षिसाचा फटका कुणाला बसतो ते मला त्या दिवशी कळलं. ढिगात खरं काम बुडतं, आणि तपासणारा माणूस थकतो.

आणखी एक तांत्रिक गोष्ट, नियम करताना उपयोगी पडेल. काही ठिकाणी लेखाची लांबी बाइटमध्ये (संगणकात मजकूर साठवायच्या मापात) मोजतात. विकिपीडिया आशियाई महिना होतो त्यात किमान ३००० बाइट आणि किमान ३०० शब्द अशी अट असते. नुसते बाइट का पुरत नाहीत, तर देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. 'स्त्री' हा शब्द घ्या: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. 'वुमन' रोमनमध्ये लिहिलं तर पाच. इंग्रजीत ३००० बाइटला साधारण पाचशे शब्द लागतात, मराठीत दीड-पावणेदोनशे शब्दांतच भागतं. नुसत्या बाइटवर बक्षीस ठेवलंत तर जोडाक्षरं जिंकतील. शब्दच मोजा.

---

नोंदवही | शनिवार, सकाळी ९:३०

मी विद्यापीठीय क्षेत्रात आहे, म्हणून यावर गप्प राहवत नाही. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतून एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाचा गुणांक, आला. शोधनिबंधाला इतके गुण, परिसंवादाला इतके, पुस्तकाला इतके, आणि बढती त्या बेरजेवर. 'एपीआय भरला का?' हा स्टाफरूममधला रोजचा प्रश्न झाला. आणि मग पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिकं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक छापला की झालं. मे २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली.

माझ्याबरोबरच्या एका बाईंनी आठ वर्षं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. गावोगाव फिरून, ध्वनिमुद्रण करून, प्रत्येक ओवीला गावाचं आणि गाणारणीचं नाव लावून. त्यांचा एक मोठा निबंध झाला. गुणांच्या तक्त्यात तो एक निबंध. त्याच वर्षी दुसऱ्या एका सहकाऱ्यांचे अकरा झाले. बढतीचं काय झालं ते सांगायला नको. बाईंनी नंतर ओव्यांची पेटी कपाटावर ठेवली आणि परिसंवादांना जायला लागल्या. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना घर चालवायचं होतं. पण त्या पेटीतल्या उरलेल्या ओव्या अजून कुठेही छापल्या गेलेल्या नाहीत, आणि गाणाऱ्यांपैकी कितीजणी आज असतील?

तुमच्या त्या बारववाल्या मुलीला जपा, मॅडम. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

---

ओवी_ग्लासगो | शनिवार, दुपारी २:१५

मी स्कॉटलंडमध्ये राहते, म्हणून इथली गोष्ट सांगते. स्कॉट्स ही इथली भाषा, इंग्रजीच्या जवळची पण तिची तिची वेगळी. तिचाही विकिपीडिया आहे. २०२०च्या ऑगस्टमध्ये उघड झालं की त्यातले हजारो लेख एका अमेरिकन मुलानं लिहिलेत, ज्याला स्कॉट्स येत नव्हती. इंग्रजी वाक्य घ्यायचं, काही शब्दांचं स्पेलिंग बदलायचं, काही शब्द शब्दकोशातून उचलायचे. बारा-तेरा वर्षांचा असताना त्यानं हे सुरू केलं, चांगल्याच हेतूनं. वर्षानुवर्षं रोज लिहीत राहिला. संख्येमुळे त्याला तिथे मान मिळत गेला, अधिकारही मिळाले. एवढं करणाऱ्याला भाषा येत असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं.

लोक त्या मुलावर फार तुटून पडले, ते मला अजिबात आवडलं नाही. तेवढ्या वर्षांत एकाही मोठ्या माणसानं त्याच्या शेजारी बसून 'बाळा, हे वाक्य असं नाही बोलत आम्ही' म्हटलं नाही. सगळ्यांनी फक्त त्याचा आकडा पाहिला.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक आजीबाई घरी स्कॉट्स बोलतात. त्यांना मी तेव्हा एक पान वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हे माझ्या आईला कळलं नसतं. मला लगेच मराठीतली यंत्रानं केलेली भाषांतरं आठवली, 'तो त्याच्या शाळेद्वारे शिकवला गेला होता' छापाची.

---

डोंगरवाट | शनिवार, दुपारी ३:०२

यात सेबुआनोचं नाव यायलाच हवं. फिलिपिन्समधली भाषा. तिच्या विकिपीडियात साठ लाखांवर लेख आहेत, बरीच वर्षं इंग्रजीच्या खालोखाल दुसरा क्रमांक. जवळजवळ सगळे स्वेर्केर योहान्सोन या स्वीडिश माणसाच्या 'एलएसजेबॉट' नावाच्या सांगकाम्यानं केलेले: प्राण्यांच्या प्रजाती, डोंगर, नद्या, बेटं. रोज लिहिणारे सदस्य मोजकेच. साठ लाख लेखांवर लक्ष कोण ठेवणार? महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावं आहेत. एका रात्रीत सगळ्यांची रिकामी पानं करता येतील. करायची का?

---

नवखा_मानवत | शनिवार, रात्री ८:४४

मॅडम, राग नका धरू. तो ६१ लेखांचा मुलगा मीच. मित्रानं हा धागा पाठवला.

मला माझी बाजू सांगायची आहे. नियम सूचनाफलकावर लावला होता, मी तो वाचला आणि त्याप्रमाणे केलं. दोन तालुक्यांच्या गावांची यादी काढली, ज्यांचं पान नाही त्यांवर खूण केली, आणि रोज रात्री मोबाइलवर करत गेलो. आमच्या खोलीत चौघांत एकच चार्जर, म्हणून पहाटे तीनला उठून पण केलंय. हार्ड डिस्क मला हवी होती हे खरं आहे. माझा फोन भरलेला असतो आणि लॅपटॉप नाही.

पण एक सांगतो. त्याआधी गूगलवर माझ्या गावाचं नाव टाकलं तर हवामानाचं एक इंग्रजी पान यायचं आणि बँकेचा आयएफएससी कोड यायचा. आता मराठीत एक पान येतं. रिकामं आहे, पण आहे. माझ्या वडिलांना दाखवलं तर त्यांनी दोन वेळा वाचलं. एकच ओळ होती तरी. वर कुणीतरी म्हटलंय एका ओळीची पानं भरायला कुणी फिरकत नाही. माझ्या गावाच्या पानावर 'जवळपासची गावे'खाली कुणीतरी पाच नावं घातलीत. कोण ते माहीत नाही. मला इतकं बरं वाटलं.

आणि मला कुणी सांगितलं असतं की एकच लेख नीट कर, तर मी केला असता. खरंच.

---

जुनी_पाटी | शनिवार, रात्री ९:२०

भाऊ, आधी तुझं स्वागत. पहाटे तीनला उठून मराठीत टंकणारा माणूस आम्हाला हवाच आहे. आणि माझं वाक्य मी मागे घेतो, तुझ्या पानावर कुणीतरी फिरकलं.

---

गोदाकाठ | शनिवार, रात्री १०:३१

तू लिहिलंस याचा मला फार आनंद झाला. तुझ्यावर राग नाही, काल लिहिलं तेच पुन्हा सांगते, नियम माझा होता. आणि शेवटचं वाक्य वाचून मलाच अपराधी वाटलं. कुणी सांगितलं नाही, कारण सांगणारी मीच होते.

आता एक गोष्ट दाखवते, ती तुझ्यासाठीच आहे असं नाही, सगळ्यांसाठी आहे. आज संध्याकाळी मी बारवेचा लेख पुन्हा उघडला. पहिल्याच ओळीत गावाच्या नावाला दुवा आहे. तिनं लेख लिहिला तेव्हा तो लाल होता, म्हणजे गावाचं पान नव्हतं. आता निळा झालाय, कारण ते पान तू केलंस. मी त्यावर टिचकी मारली. पानावर तालुका चुकीचा आहे. गाव सेलू तालुक्यातलं, पानावर जिंतूर.

मग मी तुझी बाकीची पानं पुन्हा काढली, या वेळी शेजारी यादी ठेवून. अकरा पानांवर तालुका चुकलाय. काय झालं असावं तेही लक्षात आलं: पहिल्या तालुक्याची गावं संपली, दुसरा सुरू झाला, आणि मजकूर चिकटवताना वरच्या ओळीतलं तालुक्याचं नाव तसंच राहिलं. रात्री तीन वाजता माझ्याकडूनही झालं असतं. स्पर्धेत हे कुणी पकडलं नाही, कारण परीक्षक म्हणून मी फक्त पानं मोजली. बाविसाव्या पानानंतर वाचणं सोडलं होतं, आणि चुका तिसाव्याच्या पुढे आहेत.

तुझे वडील ज्या विश्वासानं ती एक ओळ दोनदा वाचतात, त्याच विश्वासानं या अकरा गावांतलं कुणीतरी वाचेल. तिथे आपण चुकीचा तालुका लिहून ठेवलाय.

---

नवखा_मानवत | शनिवार, रात्री १०:५०

बघतो मॅडम. आत्ताच बघतो.

---

रात्रपाळी | रविवार, पहाटे १:१५

मी बहुतेक 'अलीकडील बदल' बघत बसणारा माणूस आहे. ड्यूटीवर वेळ असतो. उत्पात (पानांची मुद्दाम केलेली नासधूस) उलटवतो, शुद्धलेखन करतो, तुटलेले दुवे जोडतो. माझ्या नावावर नवे लेख फार तर बारा. अशा कामाला स्पर्धेत कधीच जागा नसते. नव्या लेखाला गुण आणि जुन्याला भोपळा, म्हणून प्रत्येक कार्यशाळेनंतर आमच्याकडे नव्या पानांचा लोंढा येतो आणि जुनी पडकी पानं तशीच राहतात. नियम करणार असाल तर आधीपासून असलेलं पान सुधारण्याला नव्या लेखाएवढेच गुण ठेवा. जास्त ठेवलेत तरी चालतील.

---

पिंपळपार | रविवार, सकाळी ८:०५

रात्रपाळींना शंभर टक्के अनुमोदन.

आशियाई महिन्याचा एक गुण घ्यावा असं मला वाटतं. तिथे चार नीट लेख झाले की प्रत्येकाला पोस्टकार्ड मिळायचं. खरंखुरं, टपालानं येणारं. चार करणाऱ्या शंभर जणांना शंभर कार्डं. उंबरठा ठरलेला आहे, तो कुणालाही ओलांडता येतो, आणि दुसऱ्याच्या पुढे जायला पन्नास करायची गरज पडत नाही. तुमच्याकडे एक लेख हा उंबरठा ठेवा. एक पण तपासलेला. तो ओलांडला की प्रत्येकाला एक चांगलं पुस्तक द्या. हार्ड डिस्कच्या पैशात पंधरा-वीस पुस्तकं सहज येतील.

---

नोंदवही | रविवार, सकाळी ९:४०

पुस्तकांची कल्पना उत्तम. पण पहिलं बक्षीस अजिबात नको म्हणू नका, मुलांना त्याची ओढ असते आणि ती काही वाईट नाही. फक्त ते मोजून देऊ नका, वाचून द्या. तीन माणसं बसवा: तुम्ही, ग्रंथपाल आणि गावातलं कुणीतरी जाणतं. प्रत्येकानं प्रत्येक लेख पूर्ण वाचायचा. 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' ही छायाचित्रांची स्पर्धा बघा. लाखांवर फोटो येतात, गिनीज बुकात नोंद झाली, तरी बक्षीस किती फोटो चढवले यावर ठरत नाही. प्रत्येक देशाचे परीक्षक निवडून मोजकेच फोटो पुढे पाठवतात. लाख फोटो बघायला त्यांना माणसं मिळतात, तर तुमच्या तीस मुलांसाठी तीन वाचक मिळतील.

मराठी विश्वकोशाचं काम १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाल्यावर हाती घेतलं गेलं आणि पहिला खंड १९७६ साली आला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली नोंदींवर इतके हात फिरायचे. एवढी वर्षं आज कुणी देणार नाही, पण महिन्यातल्या दोन रविवारच्या सकाळी वाचायला देता येतील.

---

वाळवण | रविवार, सकाळी ११:१०

माझी एकच विनंती. मुलांना आपली आपली संख्या ठेवू द्या. प्रत्येकाला एक वही द्या, मागच्या पानावर तारीख घालून काय केलं ते लिहायचं. कुणाला दाखवायची सक्ती नाही.

---

गोदाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:२२

सगळ्यांचे आभार, अगदी मनापासून. आज दुपारी ग्रंथपालांशी बोलले, ते तयार आहेत. समितीपुढे मी हे मांडणार आहे.

कमीत कमी तीनशे शब्दांचा आणि निदान दोन छापील संदर्भ असलेला एक लेख झाला की प्रत्येकाला पुस्तक. जुनं पान घेऊन ते तेवढं वाढवलं तरी तेच पुस्तक. एकाहून जास्त केले तर आनंदच आहे, पण त्याचं वेगळं बक्षीस नाही. पहिलं बक्षीस तिघांनी सगळं वाचून ठरवायचं, आणि ते गौरव दिनाला न देता तीन महिन्यांनी द्यायचं, तोपर्यंत इतर सदस्यांनी दाखवलेल्या त्रुटी लेखकानं दुरुस्त केल्या का तेही बघता येईल. यावर एक शंका मलाच आहे: लहान गावांच्या विषयांना छापील संदर्भ मिळत नाहीत, मग दोन संदर्भांची अट त्यांनाच जाचक ठरेल. म्हणून मुलांना जिल्हा ग्रंथालयात एक दिवस घेऊन जायचं, गॅझेटिअर आणि जनगणनेच्या पुस्तिका कशा बघायच्या ते दाखवायचं, हे कार्यशाळेतच घालते. टंकन शिकवण्यात आम्ही दोन तास घालवायचो आणि शोधायचं कसं यावर पाच मिनिटं.

आणि वह्या देणार आहे. तीस वह्या, चौकटीच्याच मिळाल्या.

बारववाल्या मुलीला यंदाचं काही देता येत नाही, निकाल लागलाय. पण ग्रंथालयाच्या दिवशी बाकीच्यांना फायली कशा चाळायच्या ते तिनं शिकवावं असं मी तिला विचारलं. ती हो म्हणाली. आधी थोडी लाजली, मग विचारलं, 'मॅडम, माझा पायऱ्यांचा आकडा कुठे छापून आला तर लेखात घालता येईल ना?' मी पुरातत्त्वाचं काम करणाऱ्या एका परिचितांना तिचे फोटो पाठवलेत.

---

नवखा_मानवत | रविवार, रात्री ९:५८

मॅडम, अकरापैकी नऊ पानं दुरुस्त केली. तालुका बदलला, पिनकोड पण तपासला.

दोन राहिली. एकाच नावाची दोन गावं आहेत, बुद्रुक आणि खुर्द, आणि मी बुद्रुकच्या पानावर खुर्दचं नाव टाकून दोन्हीची सरमिसळ केली होती. पोलीस पाटलांना फोन केला तर त्यांनी सगळं सांगितलं, पण ते संदर्भ म्हणून चालणार नाही ना? बारववाल्या मुलीला विचारलं. तिच्याकडे २०११ची जिल्हा जनगणना पुस्तिका उतरवून घेतलेली आहे. उद्या कॉलेजात घेतो तिच्याकडून.